सगळीकडे तेवीस

१

हिंगणओढ्याच्या दूध डेअरीची मागची भिंत पडली ती ऐन सकाळच्या दुधाच्या वेळेला. तेजश्री तेव्हा फॅट काढत बसली होती. बावीस वर्षांची पोर. मशीनवरचा आकडा खणखणीत वाचायची आणि कुणी दुधात पाणी घातलं असेल तर चारचौघांत तोंडावर सांगायची, म्हणून काहीजण तिच्यावर खार खाऊन असायचे. भिंतीला यातलं काय कळतंय! आवाज आला तशी रांगेतली माणसं मागं सरली. तेजश्री आतच राहिली.

गावाचं एक बरं असतं. दोष द्यायला माणूस सापडला की दुःख निम्मं होतं. इथं माणूस सापडायला तीन महिने लागले. सरकारी समितीनं पुण्याच्या एका सल्लागाराकडून कॉम्प्युटरवर गावच्या जमिनीचं मॉडेल करून घेतलं. अहवालात छापून आलं, की गावाखालची जमीन तेवीस सेंटीमीटर खचली आहे, आणि ती खचली संपत हरगुडेच्या सातशे फुटी बोअरच्या उपशामुळं. तेजश्रीची आई सारजाबाई. तिनं त्या कागदावरून संपतवर फिर्याद ठोकली. सोमवारी त्याला शिरूरच्या ठाण्यात हजर व्हायचं होतं, आणि तिथून तो घरी येईल असं त्याची बायकोसुद्धा धरून चालत नव्हती.

गुरुवारी सकाळी संपत शिरूरला मिशन कंपाउंडात आला आणि रिबेका साळवेंच्या पायरीशी उभा राहिला.

रिबेकाबाई भूजल खात्यात एकतीस वर्षं विहिरी मोजून रिटायर झालेल्या. तोंडानं फटकळ. ऑफिसात मागून त्यांना 'तिखट मॅडम' म्हणायचे, हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

"या संपतराव, आत या. चहा टाकते."

"नको बाई. डेअरी माझं दूध घेत न्हाई, गावात कुणी माझ्या हातचं पाणी पीत न्हाई. चहाची सवयच मोडली." तो आत आलाच नाही. "बोअरची जागा तुम्ही दावली व्हती."

"मी दाखवली होती. मग?"

"मग तुम्हीच सांगा. म्या मारली का पोरगी?"

तो भांडायला आला असता तर बाईंनी त्याला सरळ केला असता. पण तो विचारायला आला होता, आणि बाईंना उत्तर येत नव्हतं. याचाच त्यांना संताप आला. तो गेल्यावर त्यांनी अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला. मॉडेल करणारीचं नाव वाचून त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. नीलम. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, जमिनीची उंची मोजायच्या लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा कसा लावायचा इथपासून.

दुपारपर्यंत अहवालात एकच गोष्ट खटकली, पण ती चांगलीच खटकली. नकाशावर मोजणीची टिंबं होती अठरा. तक्त्यात आकडे होते पंधरा. तीन टिंबं कुणीतरी गिळली होती.

२

शुक्रवारी बाई फाट्यावर उतरल्या तेव्हा रांजणगावची कंपनीची बस रात्रपाळीची पोरं सोडत होती. प्रत्येक घरचं एक तरी पोरगं त्या बसमध्ये, त्यामुळं गावात ऊस कमी आणि युनिफॉर्म जास्त दिसायचे. ऊन चढलेलं. बाभळीखाली म्हसोबाचा चौथरा होता, बाई चपला काढून त्याच्या कडेला टेकल्या. शेंदरानं माखलेला म्हसोबा आणि त्याच्याभोवती तसेच माखलेले पाच-सहा बारके दगड. चौथऱ्याचं सिमेंट अजून पांढरं होतं. फरशीवर लिहिलेलं: नवसपूर्ती, संपत हरगुडे.

"त्याच्या बोअरला पाणी लागलं, दोन वर्सं झाली, तवा बांधला," म्हाळूआबा म्हणाले. देवाची दिवाबत्ती तेच बघायचे. "आता तेच पानी त्याला बुडवतंय बगा. देवाचं देणं कवा उलटंल, सांगता येत न्हाई."

डेअरीचा चेअरमन इंद्रजीत स्वतः सामोरा आला. पांढरा शर्ट, दोन मोबाईल, बोलणं लोण्यासारखं. डेअरीला लागूनच त्याचं पत्र्याचं गेट असलेलं मोकळं वाडगं होतं.

"मॅडम, आम्हांला काय कळतंय यातलं? कॉम्प्युटरनं सांगितलं, आम्ही ऐकलं. संपत माझा भाऊबंदच हाय, वाईट वाटतं हो. पण पोरगी गेली ना!"

"या वाडग्यात तुमचीही बोअर आहे म्हणे."

"कोरडी ठणठणीत, सहा वर्सं झाली. संपतनं खालचं सगळं ओढलं, आम्हांला कुठनं राहतंय? टँकरवर भागवतो."

बाईंनी मान डोलावली, आणि संपतची बोअर तर दोनच वर्षांची, हे मनात टिपून ठेवलं. पडक्या भिंतीच्या पायाशी मात्र त्या जरा वेळ रेंगाळल्या. वैशाखात सगळ्या गावातलं गवत करपलं होतं, आणि त्या कोरड्या बोअरच्या बाजूला हरळी हिरवीगार होती.

सारजाबाईचं घर वाडग्याच्या गेटला चिकटून. बाईंना बघताच ती उठली.

"त्याची वकिली कराया आलाय व्हय? त्याची बोअर तुम्हीच दावली ना? तुमच्या दोघांच्याबी तोंडात माती पडो!"

"पडू दे," बाई म्हणाल्या. "पण आधी मला एवढं सांगा, तुमचं दार असं का अडकतंय?"

दार खाली फरशीवर घासत होतं. फरशीवर त्यानं अर्धगोल ओरखडा पाडला होता.

"चार म्हैन्यापासनं. आधी हलकं सरकायचं. जमीन खचली ना त्या मेल्यामुळं!"

बाई वाकल्या, ओरखड्यावरून बोट फिरवलं. फरशी मधोमध फुगली होती. एकतीस वर्षांत त्यांनी खचलेली घरं पुष्कळ पाहिली होती. खचून फुगलेलं हे पहिलंच.

३

शनिवारी त्या एसटीनं दौंडला गेल्या. नीलमचा नवरा रेल्वेत, घर जुन्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. नीलमनं पायाला हात लावला, पोहे केले, आणि बाई पोह्यांकडं बघतसुद्धा नाहीत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला.

"तीन टिंबं कुणी खाल्ली, नीलम? इंद्रजीतनं किती चारलं?"

"मॅडम!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्ही मला असं विचारता?"

"एक माणूस सोमवारी आत जाणार आहे. मी काहीही विचारीन. दाखव मॉडेल."

नीलमनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर हिंगणओढा, खाली थरावर थर: काळी माती, मुरूम, फुटका खडक, अखंड खडक. "पाणी उपसलं की थर दबतात. जुन्या गादीतला कापूस दबतो ना, तसे. कुठून किती उपसा हे भरायचं, मग कुठं किती खचेल ते मॉडेल सांगतं. ते प्रत्यक्ष मोजणीशी ताडून बघायचं. जुनी मोजणी पाणीयोजनेच्या वेळची, अडीच वर्षांपूर्वीची. नवी मोजणी भिंत पडल्यावरची. संपतच्या बोअरजवळ तेवीस, आणि डेअरी गावात तिथून सगळ्यांत लांब, तिथं सतरा. मॉडेल आणि मोजणी छान जुळली."

"आणि मधली ठिकाणं?"

"तिथं मॉडेल एकवीस-वीस म्हणतं. प्रत्यक्षात तेवीसच आहे. पण दोन-तीनचा फरक चालतो."

"चालतो," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. "हा शेजारचा रकाना कसला?"

"पाणी आत सोडल्याचा. पाणी दाबून आत घातलं तर उलटं होतं, जमीन वर उचलते. आपल्या काळ्या मातीत तर फारच. पण इथं सगळं शून्य भरलंय. या गावात प्यायला पाणी नाही, आत कोण सोडणार?"

"बरं. आता ती तीन टिंबं."

नीलमनं खाली मान घातली. "ती माळावरची आहेत, मॅडम. उघड्या कातळावरची. कातळ कधी खचतो का? मोजणाऱ्यानं उन्हात वर चढायचा कंटाळा केला आणि आकडे ठोकून दिले असणार. म्हणून मीच काढून टाकले. पैसे कुणी दिले नाहीत. आळस म्हणा हवं तर."

"कातळ किती खचला, त्यानं काय लिहिलं होतं?"

नीलमनं जुनी फाईल काढली. तिनं आकडे वाचले, आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला.

"तेवीस. तेवीस. तेवीस."

४

परतीच्या गाडीत बाईंनी डोळे मिटून घेतले. समोरच्या बाईला वाटलं, म्हातारीला झोप लागली. झोप कसली! डोक्यात सगळं रान पेटलं होतं.

पाणी उपसून जमीन खचते ती परातीसारखी. बोअरजवळ खोल, लांब जाल तसं उथळ. इथं बोअरजवळ तेवीस, गावात तेवीस, आणि मैलभर लांब अखंड कातळावरही तेवीस. कातळ खचला म्हणणारा मोजणीदार खोटारडा असता, तर त्यानं कातळाला शून्य लिहिलं असतं. ते लिहिणं सोपं होतं आणि कुणाला शंकाही आली नसती. म्हणजे माणूस खरं बोलत होता. दुर्बिणीतून दिसलं ते त्यानं लिहिलं.

मग सगळा मुलूख एकसारखा खाली कसा गेला?

तो गेलाच नव्हता. ज्या जागेवरून मोजलं, ती जागाच वर आली होती.

रविवारी बाईंनी आयुष्यात क्वचितच केलेली गोष्ट केली. उपासना बुडवून पहिल्या एसटीनं हिंगणओढा गाठला, आणि थेट म्हसोबापाशी गेल्या. पाणीयोजनेच्या आराखड्याची जुनी प्रत हातात होती. त्यात लिहिलेलं: उंचीच्या खुणेचा दगड, म्हसोबासमोर, बाभळीखाली.

"म्हाळूआबा, इथं एक घडवलेला चौकोनी दगड होता ना? वर बाणाची खूण असलेला?"

"हाय की. त्यो काय." आबांनी शेंदरातल्या एका बारक्या दगडाकडं बोट केलं. "सरकारी मानसं यायची, त्याच्यावर पट्टी उभी करायची. आमी म्हटलं, सरकारबी पाया पडतंय, मग त्याच्यात कायतरी आसंलच. लावला शेंदूर."

"चौथरा बांधला तेव्हा तोही वर घेतला?"

आबांना प्रश्नच कळेना. "म्हंजी? थोरल्याला वर बशिवायचं आन् बारक्यांना मातीत ठिवायचं, आसं कुठं आसतंय का बाई? देवाचं गोत हाय. नारळ फोडून समद्यांना वर घेतलं."

बाईंनी पर्समधली टेप काढली. जमिनीपासून चौथऱ्याच्या फरशीपर्यंत नऊ इंच. तेवीस सेंटीमीटरला केसभर कमी.

नवा मोजणीदार आला, त्यानं आराखड्यात बघून दगड शोधला, चपला काढून चौथऱ्यावर चढला आणि देवावर पट्टी धरली. शून्य नऊ इंच वर गेलेलं त्याला कुठून ठाऊक? मग अख्खा गाव त्याला नऊ इंच खाली दिसला.

संपत मागं येऊन उभा राहिला होता.

"म्हंजी बाई, म्या नवस फेडला, आन् त्या नवसानंच मला..."

"तुमच्या बोअरनं काही केलं नाही, संपतराव. एक सूतभर जमीन खचलेली नाही."

"मग भिंत कशानं पडली?"

बाईंनी तेवीसातून सतरा वजा केले होते तेव्हापासून त्यांना हे उत्तर माहीत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलेलं नव्हतं.

५

"डेअरी सहा सेंटीमीटर वर उचलली गेली," बाईंनी इंद्रजीतला त्याच्याच ओट्यावर बसून सांगितलं. "बाकीचा गाव जागच्या जागी आहे. तुमची कोरडी बोअर आतून कोरडी नाही. वरचा पाइप फुटलाय, आत दाबलेलं पाणी काळ्या मातीत शिरतंय. माती फुगली, भिंतीचं एक टोक उचललं, दुसरं तिथंच राहिलं. शेजारी सारजाबाईची फरशी फुगली ती त्यानंच. नीलमला काल रात्री फोन केला. तिनं मॉडेलात मोजणीचं शून्य तेवीस सेंटीमीटर खाली घेतलं आणि तुमच्या बोअरमध्ये पाणी सोडून बघितलं. अठराच्या अठरा टिंबं जुळली. कातळासकट."

इंद्रजीतनं एक मोबाईल उलटा ठेवला. मग दुसरा.

"टँकर पाणी आणत नव्हता, इंद्रजीत. आणून ओतत होता. कुठल्या कारखान्याची घाण?"

"मॅडम, जरा हळू." तो हसला, पण घामेजला होता. "कारखान्याला घाण टाकायला जागा पायजे, गावाला नोकऱ्या पायजेत. तीस पोरं चिकटवली मी. भर दुपारी येत होता टँकर, चोरून न्हाई. अख्ख्या गावानं बघितलाय. कोण बोललं? खाई त्याला खवखवे, आन् हितं समद्यांनी खाल्लंय."

"आणि संपतला फासावर द्यायला निघालात!"

"ते कॉम्प्युटरनं केलं. मी कुठं म्हटलं?" हे मात्र खरं होतं, आणि बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "आन् एक सांगू का? मी दिवसभर शिरूरला आसतो. वाडग्याला कुलूप. टँकर आत कसा जायचा, कुलूप कोण काढायचं, इचारा की."

त्यानं नाव घेतलं नाही. फक्त गेटला चिकटलेल्या घराकडं बघितलं.

सारजाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. अशा वेळी माणूस रडतं, नाकारतं, शिव्या देतं. ती यातलं काही करेना, हेच बाईंना सोसेना.

"किल्ली माझ्याकडंच आसायची," ती म्हणाली. "चेअरमन म्हटला, पानी जिरवायचं सरकारी काम हाय, बोअर भरून घ्यायची. थोरल्या लेकाला कंपनीत पर्मनंट केला त्यानं. म्हटलं, कुलूप काढायला काय जातंय?"

"वास येत नव्हता?"

"यायचा." तिनं अडकलेल्या दाराकडं बघितलं. "वास आला की दार लावून घ्यायची. तेजश्री म्हणायची, आये, ह्ये पानी न्हवं. म्या म्हटलं, तू तुझं दूध बघ."

६

सोमवारी ठाण्याबाहेरच्या बाकावर तिघं बसली होती. संपत एका टोकाला, सारजाबाई दुसऱ्या, मध्ये रिबेकाबाई. नीलमनं सकाळीच दौंडहून येऊन दुरुस्त अहवाल दिला होता, खाली आपली चूक स्वतःच्या सहीनं कबूल करून. पण अहवाल फक्त एवढंच सांगत होता, की बोअरमध्ये पाणी सोडलं गेलं. कुणी सोडलं, हे सांगायला माणूस लागतो. बाईंनी रविवारी संध्याकाळी गावात घर न् घर पालथं घातलं होतं. टँकर कुणीच पाहिला नव्हता. तीस घरांतली तीस माणसं, सगळ्यांचे डोळे त्या दुपारी नेमके दुसरीकडं होते. म्हाळूआबासुद्धा देवाकडं बघत बसले.

इंद्रजीत वकिलाबरोबर आत गेला आणि वीस मिनिटांत बाहेर आला. त्याचा जबाब साधा होता. बोअर माझी, पण वापरात नाही. किल्ली विश्वासानं शेजारणीकडं दिलेली. तिनं कुणाला आत घेतलं, मला कल्पना नाही. जाताना त्यानं बाईंना नमस्कारही केला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं बाई म्हणाल्या असत्या. पण सारजाबाई संन्यासी नव्हती, हेच तर दुखणं होतं.

"म्या न्हाई बोलले तर?" सारजाबाईनं हळूच विचारलं.

"तर तुमची फिर्याद उभी राहील, आणि संपतराव आत जातील. पुढं वर्ष-दोन वर्षांनी कोर्ट ठरवील."

"आन् बोलले तर मी."

"हो."

"ऱ्हाऊ द्या बाई," संपत म्हणाला. "पोरगी गेलीय तिची. आन् तिला काय आत घालता?" त्याच्या हातचं पाणी न पिणाऱ्यांत ही बाई पहिली होती. रिबेकाबाईंना त्याचा राग आला आणि त्याच्यापुढं मानही खाली गेली.

सारजाबाईनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती बाईंकडं वळली.

"बाई, त्या कॉम्प्युटरात समदं बघता येतंय म्हणं. आसं झालं आसतं तर काय, तसं झालं आसतं तर काय."

"येतं."

"मग टँकर आलाच नसता, तर भिंत कवा पडली आसती?"

बाईंना उत्तर माहीत होतं. शनिवारी रात्री फोनवर नीलमनं तेही करून बघितलं होतं, न सांगता, सवयीनं. रकान्यात पुन्हा शून्य. वीस वर्षं पुढं नेऊन बघितलं होतं. आता बाईंनी नुसतं एवढं म्हणायचं, की आज ना उद्या पडलीच असती, भिंत जुनीच होती. एका आईला तेवढ्यावर जन्म काढता आला असता. दुसऱ्या टोकाला संपत मांडीवर पालथे हात ठेवून बसला होता.

"खरं सांगा," सारजाबाई म्हणाली. "तुम्ही तोंडानं तिखट हाय, पर खोटं बोलत न्हाई म्हणत्यात."

"पडली नसती, सारजाबाई. उभीच राहिली असती."

सारजाबाईनं पदर सारखा केला आणि उठली. बाई तिच्या दंडाला धरायला गेल्या, तर तिनं हात बाजूला केला. आत टेबलामागं फौजदार होते. पंधरा दिवसांपूर्वी तिची फिर्याद त्यांनीच लिहून घेतली होती, तेव्हा पाणी मागवलं होतं, बसायला खुर्ची दिली होती. त्यांनी आताही खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"लिवा," ती म्हणाली. "कुलूप म्या काढत व्हते. रोज. चेअरमनच्या सांगण्यावरनं, पर हात माझा."

"मावशी, चेअरमनच्या सांगण्याला साक्षीदार कोण?"

"तेजश्री व्हती."

फौजदारांनी नवा कागद घेतला, कारण जुन्यावर ती फिर्यादी होती आणि या कागदावर रकाना वेगळा होता. त्यांनी नाव विचारलं, वय विचारलं, गाव विचारलं. पुढचा प्रश्न विचारताना त्यांनी मान वर केली नाही.

"मयताशी नातं?"

"आई," सारजाबाई म्हणाली.